सांगलीत फ्लॅट, नोकरी परदेशात: करकपातीतल्या या चुका टाळा

परदेशात नोकरी लागली तरी सांगली-मिरजेतलं बचत खातं बहुतेकांचं जुन्याच प्रकारात चालू राहतं. ते एनआरओ (अनिवासी भारतीयाचं रुपयातलं खातं) करून घ्यावं लागतं. न केल्यास बँक तुम्हाला निवासी धरून ठेवीच्या व्याजावर १० टक्केच कापते आणि उरलेला कर नंतर व्याजासकट अंगावर येतो. एनआरओवर कपात ३१.२ टक्के. दुहेरी कर टाळण्याच्या करारानुसार ब्रिटनवासीयाला १५, यूएईवाल्याला १२.५ टक्के दर मिळू शकतो. पण तिथलं कर-निवासी प्रमाणपत्र दरवर्षी व्याज जमा होण्याआधी बँकेत पोचायला हवं.

विश्रामबागेतला फ्लॅट १५,००० रुपये भाड्याने दिला असेल, तर भाडेकरूने दरमहा ४,६८० कापून भरायचे असतात. इथे किमान मर्यादा नाही. भाडेकरूला टॅन (कर कापून भरणाऱ्याचा क्रमांक) काढावा लागतो, म्हणून घरमालकच गप्प बसतात. एकूण उत्पन्न नव्या करपद्धतीत ४ लाखांच्या आत असेल तर कापलेलं सगळं परत मिळतं, मात्र रिटर्न भरल्यावरच, आणि तोही आयटीआर-१ नव्हे, आयटीआर-२.

सगळ्यात महागात पडते ती विक्री. ‘५० लाखांच्या आत टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) नाही’ हा नियम विकणारा निवासी असेल तेव्हाचा. अनिवासीकडून ४० लाखांचा, दोन वर्षांहून जुना फ्लॅट घेणाऱ्याने १३ टक्क्यांनी ५.२० लाख कापायचे. तो फ्लॅट ३० लाखांना घेतलेला असेल, तर खरा कर १० लाखांच्या नफ्यावर, म्हणजे १.३० लाख. मधले ३.९० लाख परतावा येईपर्यंत अडकतात. यावर उपाय एकच: कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून खरेदीखताआधी काढणे. इसार दिल्यानंतर धावपळ करणाऱ्यांना तो वेळेत मिळत नाही, आणि कपात चुकवली तर वसुली खरेदीदाराकडून होते. नफ्यातून ४ लाखांची मूळ सूट वजा करायची सोयही अनिवासीला नाही.

‘१२ लाखांपर्यंत कर नाही’ हेही निवासींपुरतंच. ती सवलत अनिवासीला मिळत नाही.

तासगावच्या द्राक्षबागेचं उत्पन्न भारतात करमुक्त असलं, तरी अमेरिकेतल्या कर-निवासीला तिथे ते दाखवावं लागतं. तिथलं करवर्ष जानेवारी-डिसेंबर. त्यामुळे इथला एप्रिल-मार्च वर्षाचा टीडीएस तिथल्या रिटर्नमध्ये तसाच उतरवू नका, जानेवारी-मार्चचे आकडे बँकेकडून वेगळे मागून घ्या.