संशोधनासाठी स्कॅन पाठवण्यापूर्वी

सीटी किंवा एमआरआयच्या डायकॉम (वैद्यकीय प्रतिमा साठवण्याचं प्रमाणित स्वरूप) फाइलचं नाव बदललं म्हणजे रुग्णाची ओळख पुसली गेली, असं समजू नका. नाव, जन्मतारीख, रुग्ण क्रमांक, रुग्णालय, तपासणीची तारीख हे सगळं फाइलच्या हेडरमध्ये, म्हणजे चित्रासोबत साठवलेल्या माहितीच्या भागात, तसंच राहतं. डायकॉम मानकाच्या 15 व्या भागात कोणत्या टॅगचं (हेडरमधल्या एकेका नोंदीचं) काय करायचं याची यादी आहे. ती पाळणारं साधन वापरा. यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांचे खाजगी टॅग मात्र सरसकट काढलेले बरे, कारण त्यांत काय दडलंय हे बाहेरून कळत नाही.

सोनोग्राफीत तर नाव बऱ्याचदा थेट चित्रावरच छापलेलं असतं. हेडर कितीही साफ केला तरी ते जात नाही, म्हणून प्रतिमा उघडून डोळ्यांनी पाहाच. डोक्याच्या एमआरआयवरून चेहऱ्याची त्रिमितीय आकृती तयार करता येते, तेव्हा चेहऱ्याचा भाग आधी काढून टाका.

तारखा पुसण्याऐवजी एका रुग्णाच्या सगळ्या तारखा सारख्याच दिवसांनी सरकवा. दोन तपासण्यांमधलं अंतर टिकतं आणि उपचारांचा परिणाम अभ्यासता येतो. सांकेतिक क्रमांक आणि खरी नावं जोडणारी यादी स्कॅनसोबत कधीही पाठवू नका.