खालचे दात काढायचे, पण कोणते?

वेडेवाकडे दात तारा लावून सरळ करताना कधी चांगले दातही काढावे लागतात. तेव्हा इंदूरच्या आजीबाईंचा सवाल ठरलेला: "किडलेला नाही, हलत नाही, मग दात उपटायचा कशाला?" उत्तर दातांच्या साच्यावर मापूनच द्यावं.

सुरुवात खालच्या कमानीपासून, म्हणजे खालच्या दातांच्या रांगेपासून करा. वरची कमान थोडी रुंदावता येते. खाली सुळ्यांमधलं अंतर वाढवलं की ते बहुधा परत आवळतं. पितळी तार एका पहिल्या दाढेच्या पुढच्या कडेपासून दुसऱ्या बाजूच्या तशाच कडेपर्यंत फिरवून सरळ करा, मोजा. मधल्या दहा दातांच्या रुंदीच्या बेरजेतून ती लांबी वजा केली की दाटी, म्हणजे किती जागा कमी पडते, ते कळतं. साधारण 4 मिमीपर्यंत दात न काढता, कडा घासून भागतं. 10 मिमी किंवा जास्त असेल तर सहसा काढावेच लागतात. 4 ते 10 च्या मधे असेल तर ओठ, हिरडीची जाडी आणि पुढच्या दातांचा कल बघा.

आता हिशेब. खालची पहिली उपदाढ (सुळ्याच्या लगेच मागचा दात) सुमारे 7 मिमी रुंद. दोन काढल्या की 14. दाटी 6 असेल तर 8 उरले, म्हणजे दर बाजूला 4. ते सगळे पुढचे दात मागे ओढून भरले, तर आधीच सपाट असलेले ओठ आणखी आत बसतात. अशा चेहऱ्याला दुसरी उपदाढ काढणं बरं: उरलेल्या जागेत दाढ जास्त पुढे येते, पुढचे दात कमी मागे जातात. दात पुढे झुकलेले, ओठ मिटत नाहीत, तिथे पहिलीच काढा.

एकच पुढचा दात काढण्याचा मोह सांभाळून. जागा 5 मिमीच्या आसपास मिळते, पण मध्यरेषा जुळत नाही आणि हिरडीपाशी काळा त्रिकोण दिसू शकतो. खालचे पुढचे दात वरच्यांच्या मानाने रुंद असतील तरच विचार करा. दाटी टळावी म्हणून अक्कलदाढा काढण्यात अर्थ नाही.

जागा बारीक गोल तारेवर ओढून बंद केली की फसते: दाढ पुढे कलंडते, पुढचे दात आत पडतात, चावा खोल होतो, म्हणजे वरचे दात खालच्यांना जास्त झाकतात. ब्रॅकेटच्या (दातावर चिकटवलेल्या, तार धरणाऱ्या तुकड्याच्या) 0.022 इंची खाचेत 0.019 × 0.025 इंची स्टीलची तार घाला. महिन्याला 1 मिमीच्या आसपास जागा बंद झाली तरी पुरे. ब्रॅकेट काढण्याआधी एक्स-रेवर सुळ्याचं आणि शेजारच्या उपदाढेचं मूळ समांतर आहे ना, बघा. नसेल तर फट पुन्हा उघडते.

आणि हिवाळ्यात सराफा बाजारातले कुरकुरीत गराडू (तळलेला कंद) बंद, हे पहिल्याच दिवशी सांगा. खालच्या उपदाढेचं ब्रॅकेट त्यांनी सहज उखडतं.