स्टोव्हमधली राख काढताना घ्यायची काळजी

अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत अनेक घरांत हिवाळाभर लाकडावर चालणारा लोखंडी स्टोव्ह धगधगत असतो. तिथे नव्याने राहायला गेलेल्या मराठी कुटुंबांना राख काढणे हे किरकोळ काम वाटते. माझ्या मते मात्र स्टोव्ह पेटवण्यापेक्षाही अधिक काळजी याच कामात घ्यायला हवी. गावाकडे रात्री चुलीतला निखारा राखेत पुरून ठेवायचे आणि सकाळी राख बाजूला सारून फुंकर घालताच तो लालभडक व्हायचा, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले आहे. राख निखाऱ्याची ऊब धरून ठेवते आणि त्याला हवा बेताचीच मिळू देते, म्हणून तो विझत नाही. स्टोव्हच्या राखेतही हेच घडते. वरून पांढरी, थंडगार दिसणारी राख कागदी पिशवीत किंवा प्लास्टिकच्या कचरापेटीत टाकली की तीन दिवसांनंतरही आग लागू शकते.

स्टोव्ह रात्रभर निवू द्यावा आणि सकाळी चामड्याचे हातमोजे व मास्क घालून कामाला लागावे. आधी धुराड्याची झडप पूर्ण उघडावी आणि मगच दार हळूहळू उघडावे, म्हणजे उडणारी राख खोलीत न येता वर ओढली जाते. लोखंडी फावड्याने राख अलगद उचलावी आणि फावडे पत्र्याच्या बादलीच्या तळापर्यंत नेऊन तिथेच रिकामे करावे. जाळी नसलेल्या स्टोव्हमध्ये तळाशी 2 ते 3 सेंटिमीटर राख राहू द्यावी, कारण तिच्यावर निखारे टिकतात आणि पुढचा जाळ लवकर धरतो. दगडी कोळशाला हवा खालून लागते, म्हणून त्याच्या स्टोव्हची जाळी मात्र पूर्ण मोकळी करावी. घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनर यासाठी कधीही वापरू नये. एखादा निखारा आत ओढला गेला तर वाऱ्याने तो तिथेच फुलतो.

बादलीला घट्ट झाकण लावून ती लगेच बाहेर न्यावी. गॅरेजमध्ये किंवा लाकडी ओट्यावर न ठेवता घरापासून किमान 3 मीटर दूर, दगडावर किंवा काँक्रीटवर निदान चार दिवस राहू द्यावी. धुमसणाऱ्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला वासही नसतो, म्हणून बादली घरात ठेवणे जिवावर बेतू शकते. टाकण्यापूर्वी राखेवर थोडे थोडे पाणी ओतून ती ढवळावी. भिजलेली राख क्षारयुक्त असते, त्यामुळे ती डोळ्यांत किंवा त्वचेवर उडणार नाही याची काळजी घ्यावी.

साध्या लाकडाची राख आम्लधर्मी जमिनीत थोडीशी पसरता येते, परंतु ब्लूबेरी आणि बटाट्याच्या वाफ्यांत ती घालू नये. रंग दिलेल्या किंवा रसायन लावलेल्या लाकडाची राख बागेत मुळीच नको. मुळात असे लाकूड स्टोव्हमध्ये घालूच नये.

दाराची काळवंडलेली काच स्वच्छ करायला पूर्ण थंड झालेली चिमूटभर राख पुरते. काच गार असताना वर्तमानपत्राचा ओला बोळा राखेत बुडवून, भांडी घासतो तसा गोल फिरवावा. त्याआधी राख बोटांनी चाळून तिच्यात खडा राहिलेला नाही हे पाहावे, नाहीतर काचेवर ओरखडे उठतात.