वॉर फाइल सर्व्हरवर चढवण्यापूर्वीची तयारी

जावा वेब ॲप्लिकेशनची वॉर फाइल (सारे ॲप्लिकेशन एकत्र बांधलेली फाइल) टॉमकॅट या वेब सर्व्हरच्या वेबॲप्स फोल्डरमध्ये टाकण्यापूर्वी ती आतून एकदा तपासावीच. ती मुळात झिप फाइल असल्यामुळे 'जार टीएफ' (jar tf) ही कमांड दिली की आतल्या सर्व फाइलींची यादी समोर येते आणि बहुतेक तपासणी त्या यादीवरच होते.

सर्वप्रथम वेब-आयएनएफ (WEB-INF) हे फोल्डर अगदी वरच्या पातळीवर आणि कॅपिटल अक्षरांतच आहे ना, हे पाहावे. या फोल्डरातील मजकूर सर्व्हर ब्राउझरला थेट देत नाही, पण हे संरक्षण वरच्या पातळीवरच्या फोल्डरापुरतेच असते. संपूर्ण प्रकल्पाचे फोल्डर बाहेरून झिप केल्यास सारे काही एक पायरी खाली जाते. मग ॲप्लिकेशन तर चालत नाहीच, शिवाय आतली वेब डॉट एक्सएमएल ही ॲप्लिकेशनच्या मांडणीची फाइल पत्ता टाइप करणाऱ्या कोणालाही वाचता येते. माझ्या मते यादीतील सर्वांत महत्त्वाची तपासणी हीच. जेएसपी पाने (जावा कोड असलेली वेब पाने), चित्रे आणि सीएसएस मात्र वेब-आयएनएफच्या बाहेर ठेवता येतात, कारण ती लोकांना दिसण्यासाठीच असतात. जे पान केवळ सर्व्हलेटमार्फत, म्हणजे सर्व्हरवर विनंतीला उत्तर देणाऱ्या जावा क्लासमार्फत, दाखवायचे आहे, ते आत ठेवावे.

त्यानंतर वेब-आयएनएफमधील क्लासेस (ॲप्लिकेशनचे स्वतःचे क्लास) आणि लिब (लायब्ररींच्या जार फाइली, म्हणजे क्लासचे गठ्ठे) ही उपफोल्डरे पाहावीत. एकच क्लास दोन्हीकडे असेल तर क्लासेसमधला आधी घेतला जातो, म्हणून तिथे राहून गेलेली जुनी फाइल लिबमधल्या नव्या जारला निष्प्रभ करते. लिबमध्ये एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या नसाव्यात, आणि सर्व्हलेट एपीआयची जार तर मुळीच नसावी, कारण ती सर्व्हर स्वतः पुरवतो; मेव्हन या बांधणीच्या साधनात तिचा स्कोप 'प्रोव्हायडेड' ठेवावा. टॉमकॅट 10 पासून सर्व्हलेट एपीआयच्या पॅकेजांची (क्लासच्या गटांची) नावे जावाएक्सऐवजी जकार्ताने सुरू होतात, त्यामुळे टॉमकॅट 9 साठी बांधलेली फाइल तिथे जशीच्या तशी चालत नाही.

2009 मधील सर्व्हलेट 3.0 पासून ॲनोटेशन (कोडमध्येच लिहिलेल्या खुणा) वापरल्यास वेब डॉट एक्सएमएल सक्तीची नाही. मेटा-आयएनएफ फोल्डरमधील मॅनिफेस्टवर (फाइलीच्या माहितीपत्रकावर) नजर टाकली तरी पुरे, पण तिथल्या कॉन्टेक्स्ट डॉट एक्सएमएल या टॉमकॅटसाठीच्या सेटिंगच्या फाइलीमध्ये डेटाबेसचा पासवर्ड लिहिलेला नाही ना, हे जरूर पाहावे. ब्राउझरला ती मिळत नसली, तरी वॉर फाइल ज्याच्या हाती पडेल तो पासवर्ड वाचू शकतो. फाइलीचे नाव हाच ॲप्लिकेशनचा पत्ता होतो, तेव्हा ते मूळ पत्त्यावरच उघडायचे असल्यास नाव कॅपिटल अक्षरांत 'रूट' (ROOT) ठेवावे.