वरच्या मजल्यावरची खोली तापते? काही विकत घ्यायच्या आधी हे करा

मे महिन्यात अकोल्यात वरच्या मजल्यावर रात्री अकरा वाजले तरी पंख्याखाली घामच येतो, आमच्याकडे दरवर्षी चर्चा एकच, एसी घ्यायचा की मोठा कूलर. एका वर्षी मी वही घेऊन बसलो आणि हा प्रश्नच खोडला. त्याच्या जागी लिहिलं, झोपायच्या वेळी खोली गरम का असते? तुम्ही पण सुरुवात अशीच करा, प्रश्नात कुठल्याच वस्तूचं नाव येऊ देऊ नका, नाव आलं की डोकं फक्त दुकानाच्या दिशेने चालतं.

मग आपण जे जे धरून चालतोय ते सगळं लिहून काढा आणि प्रत्येकासमोर लिहा, तपासलंय की नुसतं ऐकलंय. माझ्या यादीत "पंख्याने हवा थंड होते" असं होतं. होत नाही. वाऱ्याने घाम वाळतो म्हणून आपल्याला गार वाटतं, रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवला तर मोटरची उष्णता उलट आतच पडते. "खिडकीतल्या झळांनी खोली तापते" हे पण अर्धंच खरं निघालं. दुपारी 3 ला आणि रात्री 9 ला भिंती, फरशी, आणि स्टुलावर चढून छत, सगळीकडे हात लावून बघितलं, रात्री भिंती कोमट होत्या आणि छताला हात ठेववत नव्हता.

आता आकडे मांडा, ही पायरी अजिबात सोडू नका. भर दुपारच्या उन्हातून एका चौरस मीटरवर साधारण 1000 वॉट उष्णता पडते. 10 बाय 12 ची खोली म्हणजे 11 चौरस मीटर स्लॅब, म्हणजे 1000 वॉटच्या 11 इस्त्र्या गच्चीवर मांडून ठेवल्यासारखं झालं! दीड टनाचा एसी बाहेर काढतो साधारण 5 हजार वॉट. वरची सगळी उष्णता काही आत येत नाही, बरीच हवेत परत जाते, पण काँक्रीट दिवसभर तापत राहतं आणि रात्रभर आत सोडत राहतं.

इतकं दिसलं की उपाय आपोआप सुचायला लागतात. ऊन स्लॅबवर पडूच द्यायचं नाही, म्हणजे दोनेक फूट उंचीवर हिरवी नेट, खालून वारा खेळला पाहिजे. किंवा पडलेलं परत पाठवायचं, म्हणजे पांढरा चुना. आम्ही आधी एकाच खोलीच्या वर चुन्याचे दोन हात मारले, शेजारची खोली मुद्दाम तशीच ठेवली, चार दिवस रात्री दोन्ही छतांना हात लावून बघितला आणि मगच बाकीची गच्ची रंगवली.

कूलरचं पण असंच मुळापासून बघा. पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेतं, म्हणून कोरडी हवा लागते आणि दमट झालेली हवा बाहेर जायला समोरची खिडकी उघडी लागते, दारं-खिडक्या लावून कूलर चालवला की नुसतं चिकट होतं. कोकणात हवाच दमट, तिथे आपला विदर्भातला कूलर फारसा कामाचा नाही, पण चुना आणि नेट तिथेही चालेल.

चुना पावसात धुऊन जातो, दरवर्षी मार्चमध्ये परत मारावा लागतो. कळीचा चुना भिजवताना अक्षरशः उकळतो, तेव्हा प्लास्टिकची बादली नको, डोळ्यावर गॉगल लावा आणि लहान मुलांना खालीच ठेवा.