विलायतेच्या जुन्या लखोट्यावरचं टपालहशील कसं उलगडायचं

मुंबईहून विलायतेला गेलेला १८६० च्या आसपासचा लखोटा हाती आला, तर त्यावर बहुतेक वेळा चार आण्यांचं काळं तिकीट दिसतं. त्याच काळात देशातल्या देशात पाव तोळ्याचं पत्र अर्ध्या आण्यात कुठूनही कुठेही जात होतं. मग आठपट पैसे कशाचे? त्या चार आण्यांत आगबोट होती, इजिप्तमधला खुष्कीचा टप्पा होता, भूमध्य समुद्रातली दुसरी बोट होती आणि पलीकडच्या टपालखात्याचा वाटाही होता. हा हिशेब घरबसल्या मांडता येतो. एक भिंग, सोनाराकडे असतो तसा छोटा वजनकाटा आणि कागद-पेन्सिल एवढं पुरतं. मात्र तिकीट पाण्यात घालून सोडवू नका. तिकीट लखोट्यावरून सुटलं की हिशेबाचा निम्मा पुरावा गेला.

आधी तारीख ठरवा

लखोट्याच्या दोन्ही बाजूंचे शिक्के वाचा. एका बाजूला मुंबईचा, दुसऱ्या बाजूला बहुधा लंडनचा किंवा पोचण्याच्या गावाचा असतो. शिक्क्यात वर्ष पुसट असेल तर आतल्या पत्राच्या माथ्यावर पाहा.

तारखेवरून पत्र कोणत्या काळात बसतं ते कळतं. १ ऑक्टोबर १८५४ पासून देशात एकसारखे दर आले. त्याच सुमारास विलायतेचा दर अर्ध्या औंसाला ६ पेनी, म्हणजे ४ आणे झाला. १ जुलै १८७६ ला हिंदुस्थान जागतिक टपालसंघात गेला आणि इटलीतल्या ब्रिंदिसी बंदरामार्गे दर ६ आणे झाला. १ जानेवारी १८९१ पासून अडीच आणे. २५ डिसेंबर १८९८ पासून तर अवघा एक आणा!

१८५४ च्या आधीची पत्रं नवख्याने सुरुवातीला बाजूला ठेवावीत. ‘ह्यू लिंडसे’ ही मुंबईत बांधलेली आगबोट मार्च १८३० मध्ये सुएझला निघाली आणि महिन्याभरात पोचली, तेव्हापासूनचा तो काळ. बोट, जमिनीवरचं टपाल आणि पलीकडचं हशील यांची आकारणी तेव्हा वेगवेगळी होत असे, आणि ते एक स्वतंत्र प्रकरण आहे.

मग मार्ग शोधा

लखोट्याचा वरचा डावा कोपरा पाहा. पाठवणाऱ्याने स्वतःच्या हाताने ‘मार्सेयमार्गे’ किंवा ‘साउदम्प्टनमार्गे’ असं तिथे लिहिलेलं असतं. हा तपशील म्हणजे पोस्टमास्तरला दिलेली सूचनाच, आणि हशील त्यावर ठरे.

मुंबई, एडन, सुएझ इथपर्यंत वाट एकच. सुएझहून टपालाच्या पेट्या इजिप्त ओलांडून अलेक्झांड्रियाला जात, आधी उंटांवरून आणि १८५८ पासून सबंध वाट आगगाडीने. तिथे फाटा फुटे. जिब्राल्टरला वळसा घालून थेट साउदम्प्टनला जाणारी बोट स्वस्त आणि संथ होती. मार्सेयला उतरून फ्रान्समधून रेल्वेने गेलेलं पत्र काही दिवस आधी पोचे, पण फ्रान्सचा वाटा वर द्यावा लागे. १८७०-७१ च्या फ्रान्स-जर्मनी युद्धाने मार्सेयची वाट अडली आणि टपाल इटलीतल्या ब्रिंदिसीकडे वळलं. म्हणून १८७२ च्या पत्राला मार्सेयचा दर लावायला जाऊ नका.

सुएझ कालवा १७ नोव्हेंबर १८६९ ला खुला झाला म्हणून टपाल लगेच कालव्यातून गेलं, असंही धरू नका. त्यानंतर कित्येक वर्षं टपालाच्या पेट्या इजिप्तमध्ये उतरवून रेल्वेनेच नेत.

वजन आणि दर

देशातलं टपाल तोळ्यात मोजलं जाई, विलायतेचं औंसात. तोळा ११.६६ ग्रॅमचा, अर्धा औंस १४.१७ ग्रॅमचा. पत्र लखोट्यासकट काट्यावर ठेवा. १४ ग्रॅमच्या आत असेल तर एक दर. त्याहून जास्त, पण २८.३५ ग्रॅमच्या आत असेल तर दोन दर. त्यापुढे ब्रिटिश मोजणीत दोन औंसांपर्यंत एकदम चार दर लागत. तिप्पट दर १८६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत नव्हताच. त्यामुळे १८६२ च्या पत्रावर बारा आणे दिसले तर साधा साउदम्प्टनचा दर सोडून दुसरं कारण शोधावं लागतं.

या वजनाच्या धाकाचा परिणाम कागदावर दिसतो. उजेडासमोर धरलं तर पलीकडची बोटं दिसतील इतका पातळ कागद असतो. आडव्या ओळी लिहून झाल्या की कागद फिरवून त्याच ओळींवरून उभ्या ओळी लिहिलेल्या असतात. पहिल्यांदा पाहताना नुसतं जाळं वाटतं. भिंग घेऊन एकाच दिशेच्या ओळींवर नजर टिकवली की अक्षरं हळूहळू वेगळी होतात. दुसरा कागद जोडला असता तर चार आण्यांचे आठ झाले असते, हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

आत पत्र नसेल, नुसता लखोटा असेल, तर वजन विसरा आणि तिकिटांवरून उलटा हिशेब करा.

पेनीचे आणे करा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. दर पेनीत ठरे, पैसे आण्यात भरले जात. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै; तिकडे शिलिंगाच्या १२ पेनी. रुपया सुमारे दोन शिलिंगांचा होता तेव्हा एक पेनी म्हणजे ८ पै. समजा पत्र ऑगस्ट १८६७ चं आहे, कोपऱ्यात मार्सेय लिहिलंय आणि वजन ९ ग्रॅम भरलं. दर १० पेनी. दहा गुणिले आठ म्हणजे ८० पै, म्हणजे ६ आणे ८ पै. नेमकं याच किमतीचं करड्या रंगाचं तिकीट त्या वर्षी निघालं. असली चमत्कारिक किंमत कशासाठी, याचं उत्तर त्या गुणाकारात आहे.

१८७३ नंतर चांदीचा भाव घसरत गेला आणि रुपयाही घसरला. शतकाच्या अखेरीस तो १ शिलिंग ४ पेनीवर आला, म्हणजे एक आणा बरोबर एका पेनीचा झाला. म्हणून साम्राज्यभरचा एक पेनीचा दर इथे एक आणा म्हणून आला. आठ पैचं गणित १८९८ च्या पत्राला लावलंत तर उत्तर चुकणारच.

आता ताळा पाहा

काढलेली रक्कम आणि तिकिटांची बेरीज जुळवून पाहा. शाईचा रंगही बोलतो. लाल शिक्का म्हणजे पैसे आधी भरलेले, काळा आकडा म्हणजे पत्र घेणाऱ्याकडून वसूल करायचे. लाल खडूने काढलेला १ किंवा २ दिसला तर तो तिकिटांत मिळवू नका. दोन टपालखात्यांनी आपसात वाटून घेतलेल्या रकमेची ती नोंद असते. पहिल्यांदा मी तो आकडा मिळवला होता आणि आठवडाभर एका पैशाचा घोळ सोडवत बसलो होतो.

बेरीज फारच कमी भरली तर लखोट्याचा खालचा डावा कोपरा पाहा. तिथे अधिकाऱ्याची सही असेल तर पत्र गोऱ्या शिपायाचं. त्यांना एका पेनीचा, म्हणजे ८ पैचा सवलतीचा दर होता आणि त्यासाठी १८६० मध्ये ८ पैचं खास तिकीट काढलं गेलं.

तिकिटावर १२४ आकड्याचा शिक्का असेल तर पत्र मुंबईचं नाही, एडनचं आहे. एडन १८३९ पासून मुंबई इलाख्याकडे होतं आणि तिथे हिंदुस्थानचीच तिकिटं चालत.

एवढं करूनही दोन-चार आणे कमी पडत असतील, तर लखोटा तिरक्या उजेडात धरा. गळून पडलेल्या तिकिटाच्या जागी कागद थोडा उजळ दिसतो, आणि शिक्क्याची अर्धी गोलाई त्या चौकोनाच्या कडेला येऊन तुटलेली असते.