झोप न मोडणारा एसी: कसा निवडावा, कुठे बसवावा, कसा वापरावा

नाशिकला कशाला हवाय एसी, हे वाक्य आमच्या घरात कित्येक वर्षं चाललं. मग एका मे महिन्यात, शेवटच्या मजल्यावरच्या तापलेल्या स्लॅबखाली, आई सलग चार रात्री अंथरुणावर बसून राहिली आणि आम्ही एसी घेतला. गारवा आला, झोप आली नाही. आईची झोप सावध. भिंतीतून येणारी बारीक घरघर तिला रात्रभर ऐकू यायची. मी उशाकडच्या भिंतीला तळहात लावला तर भिंत थरथरत होती आणि कपाटाच्या आरशाची काच चौकटीत किणकिणत होती. मशीनमध्ये काही दोष नव्हता. फिटिंग करणाऱ्याने आउटडोअर, म्हणजे एसीचा बाहेर बसणारा कॉम्प्रेसरचा डबा, नेमकं तिच्या उशामागच्या भिंतीवर, रबर न घालता, लोखंडी अँगलवर आवळून टाकलं होतं. शांत एसी दुकानात अर्धाच मिळतो. उरलेला अर्धा बसवताना मिळवावा लागतो, म्हणून त्या भागाबद्दल मी जास्त लिहिणार आहे.

आधी खरेदी

विंडो एसीचा कॉम्प्रेसर खिडकीतच, म्हणजे जवळजवळ तुमच्या कानाशी असतो. बेडरूमसाठी स्प्लिटच घ्या, म्हणजे कॉम्प्रेसर बाहेर आणि गार हवेचा भाग खोलीत असलेला, आणि तोही इन्व्हर्टर. साधा कॉम्प्रेसर पूर्ण वेगाने चालतो, खोली गार झाली की बंद पडतो आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतो. सलग आवाजाला कान सरावतो. जाग येते ती या चालू-बंदच्या धक्क्याने. इन्व्हर्टर खोली गार झाल्यावर वेग कमी करून हळू चालत राहतो.

१० बाय १२ फुटांच्या मधल्या मजल्यावरच्या खोलीला साधारण १ टन पुरतो. वर गच्ची असेल किंवा भिंतीवर दुपारभर पश्चिमेचं ऊन येत असेल तर दीड टन घ्या, नाहीतर बिचारा एसी रात्रभर पूर्ण ताकदीने धापा टाकत राहील.

आता डेसिबल. जाहिरातीत ठळक छापलेला आकडा बहुधा पंख्याच्या सगळ्यात कमी वेगाचा असतो. माहितीपत्रक मागा आणि जास्त वेगाचा आकडाही बघा. झोपायच्या खोलीतला सलग आवाज ३० डेसिबलच्या आत असावा, असं जागतिक आरोग्य संघटना सुचवते. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, त्यामुळे ३० आणि ४० मधला फरक किरकोळ समजू नका. लेबलवरचे तारे विजेच्या बचतीचे असतात. आवाजाशी त्यांचा संबंध नाही. दुकानात आणखी एक विचारा: रिमोटची पीप आणि पुढचा लुकलुकणारा आकडा बंद करता येतो का?

फिटिंगच्या दिवशी घरी थांबा

मेकॅनिक येण्याआधी पलंग कुठे राहणार ते ठरवा. इनडोअर, म्हणजे खोलीतला भाग, उशाच्या वर नको आणि हवा थेट अंगावरही नको. बाजूच्या भिंतीवर, झोत पलंगावरून पुढे जाईल असा बसवा.

आउटडोअर उशामागच्या भिंतीवर कधीच नको. इमारतीच्या अरुंद डक्टमध्येही नको, तिथे आवाज घुमतो आणि गरम हवा कोंडते. शेजाऱ्यांच्या खिडकीचाही विचार करा. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि आउटडोअरचा आवाज जवळून सहज ५० च्या आसपास असतो. सगळ्यात उत्तम जागा गच्चीची किंवा गॅलरीची जमीन. स्टँड ठेवायचा आणि चारही पायांखाली जाड रबर पॅड. भिंतीवरच लावायचं असेल तर हलक्या ब्लॉकच्या भिंतीपेक्षा बीम किंवा कॉलम शोधायला सांगा. रबर तिथेही हवंच.

तांब्याचा पाइप वाचवायच्या नादात फार आखूड करू नये. अनेक कंपन्या निदान ३ मीटर पाइप ठेवायला सांगतात, नाहीतर कॉम्प्रेसरची थरथर आणि गॅसची सळसळ खोलीत येते. गॅस सोडण्याआधी व्हॅक्यूम पंप लावलाच पाहिजे, हे आग्रहाने सांगा. ड्रेन पाइपला उतार हवा. आणि भिंतीतलं भोक नीट बुजवून घ्या. इंदिरानगरला किंवा पाथर्डी फाट्याला महामार्गालगत राहत असाल तर त्या भोकातून ट्रकचे हॉर्न थेट उशाशी येतात.

मेकॅनिक निघण्याआधी दार-खिडक्या लावून, छताचा पंखा बंद करून अर्धा तास एसी चालवा. पलंगावर आडवे व्हा. भिंतीला हात लावून बघा. आम्ही हे केलं नाही. नंतर दुसऱ्या मेकॅनिकला बोलावून आउटडोअर गच्चीवर हलवावं लागलं, वाढीव पाइपचे पैसे गेले. पण त्या रात्री आरसा गप्प होता आणि आई सकाळी सहापर्यंत झोपली.

रात्रीचा वापर

झोपण्याच्या अर्धा तास आधी एसी जोरात चालवून खोली आणि भिंती गार करून घ्या. मग २६ अंश, एसीचा पंखा कमी आणि छताचा पंखा अगदी हळू. १८ वर ठेवला की मशीनला उसंत मिळत नाही आणि आवाजही खाली येत नाही. आपल्याकडे ऐन उन्हाळ्यातही पहाटे हवा उतरते, बऱ्याच रात्री एसी तीननंतर लागतच नाही. टायमर लावा, आणि सुरक्षित असेल तिथे पहाटे खिडकी उघडा.

काही आवाजांना घाबरू नका. सुरू-बंद होताना येणारी कटकट गार-गरम होणाऱ्या प्लॅस्टिकची असते. मधूनच येणारी टक ही स्टॅबिलायझरच्या रिलेची असू शकते. खडखड मात्र सैल स्क्रूची किंवा पंख्यात अडकलेल्या कचऱ्याची असते. एसी बंद करून मेकॅनिकला दाखवा. जोराची शिट्टी आणि कमी हवा म्हणजे बहुतेक वेळा इनडोअरमधली धुळीने भरलेली फिल्टरची जाळी. धुळीच्या दिवसांत ती दर पंधरवड्याला नळाखाली धुवा आणि सावलीत पूर्ण सुकवून बसवा. हिवाळाभर एसी बंदच असतो, तेव्हा फेब्रुवारीअखेरीस पहिल्यांदा बटण दाबण्याआधी आउटडोअरमागे टॉर्च मारून बघा. कबुतरांनी तिथे काड्या आणून ठेवलेल्या असतात.